अंगातलं तांबं

आमच्या घरी सकाळ व्हायची ती मुसळाच्या आवाजानं. बाळीवेशीच्या मागच्या बोळात आमच्या दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. त्या पडवीत जमिनीत पुरलेलं काळ्या दगडाचं उखळ. अव्वा, म्हणजे माझी आई, आणि शेजारच्या दोघी जणी आळीपाळीनं त्यात भाजलेल्या शेंगा कुटायच्या. सोलापुरात शेंगा म्हणजे शेंगदाणे, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. लसूण, मीठ, तिखट, जिरं घालून दाणे कुटत राहायचे, ते थेट तेल सुटून चटणी मुसळाला धरेपर्यंत. सुरुवातीचा आवाज कोरडा, खडखडीत. तेल सुटलं की तोच आवाज जड आणि ओला व्हायचा. अंथरुणात डोळे मिटून पडल्या पडल्या मी सांगू शकायचे की आता चटणी झाली, आता अव्वा मुसळ भिंतीला टेकवून कमरेवर हात ठेवणार आणि म्हणणार, "उठा की आता, ऊन आलं."

अप्पा सायकलला दोन्हीकडं डबे लावून दुकानादुकानांत चटणी पोचवायचे. निघण्याआधी आंघोळ, कपाळाला विभूती, लिंगपूजा आणि मग तांब्याच्या हंड्यातलं रात्रभर ठेवलेलं पाणी दोन पेले. हंडा त्यांच्या आज्जीचा. "तांब्यातलं पाणी म्हंजे औषध," असं ते आल्यागेल्याला सांगायचे, आणि आम्हां दोघां भावंडांना चहाच्या आधी ते प्यावंच लागायचं. जेवायला कडक भाकरी, चटणी, दही. भाजी कुठलीही असली तरी तिच्यात दाण्याचं कूट. संक्रांतीला शेंगापोळी, आणि तीही तीन-चार दिवस पुरेल इतकी. आमच्या अंगालाच भाजलेल्या दाण्याचा वास यायचा. शाळेत मुली म्हणायच्या, गंगू आली, न बघता कळतं.

अण्णा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. नाव शिवानंद. तो मला तंगी म्हणायचा. कानडीत धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. अण्णाचं अक्षर इतकं देखणं होतं की चटणीच्या पुड्यांवरची नावं तोच लिहायचा, बोळातल्या लोकांची पत्रं आणि अर्जही तोच. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला गेला आणि त्याच वर्षी त्याचं अक्षर बिघडायला लागलं. आधी बारीक झालं, मग ओळीवरनं खाली घसरायला लागलं. मग चहाचा कप बशीत वाजायला लागला. अण्णा हसून म्हणायचा, "थंडी हाय की गं." चैत्र होता.

पुढच्या काही महिन्यांत त्याची जीभ जड झाली. बोलताना शब्द एकमेकांत मिसळायचे. तोंड थोडं उघडं राहायचं, त्यामुळं तो सारखा हसतोय असं वाटायचं. कुणी गेल्याचं सांगायला आलेल्या माणसासमोरही त्याचा चेहरा हसरा. बोळात कुजबुज सुरू झाली की पोरगं दारूच्या नादी लागलंय. एका संध्याकाळी अण्णाच्या हातनं दह्याचं भांडं पडलं आणि अप्पांनी फाडकन त्याच्या मुस्काटात मारली. अप्पांनी आम्हाला कधी हात लावला नव्हता. अण्णाला नीट बोलताच आलं नाही. तो खाली बसून दही पुसायला लागला आणि त्याच्या थरथरत्या हातानं ते आणखीनच पसरत गेलं. अप्पा उठून बाहेर गेले. ती चपराक त्यांना पुढं आयुष्यभर पुरली.

अव्वानं त्याला देवऋषाकडं नेलं, अंगारे लावले, नवस बोलली. डॉक्टरही झाले. एकानं अशक्तपणा सांगितला, एकानं मनाचा आजार. शेवटी कॉलेजातले एक सर म्हणाले, अक्षर ओळीवरनं उतरतंय म्हणजे नजर कमी झाली असेल, चष्मा लावून बघा. म्हणून मी त्याला सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या विभागात घेऊन गेले. मी तेव्हा सोळा वर्षांची होते.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या. त्यांनी अण्णाची हनुवटी यंत्रावर टेकवली, दिव्याची बारीक फट त्याच्या डोळ्यावर सोडली आणि बराच वेळ निरखत राहिल्या. मग दुसरा डोळा पाहिला. मग त्याला हात पुढं धरायला सांगितले आणि ते पाखराच्या पंखांसारखे फडफडताना बघून माझ्याकडं वळल्या. "तू बहीण का? ये, बघ."

मी यंत्राला डोळा लावला. अण्णाचा डोळा मला ताटाएवढा दिसला. काळ्याभोर बुबुळाच्या कडेनं, वर आणि खाली, सोनेरी-हिरवट-तपकिरी रंगाचं कडं होतं. इतकं सुंदर होतं की मी क्षणभर विसरले आपण कुठं आहोत.

"काय हाय ते?" मी विचारलं.

"तांबं," त्या म्हणाल्या. "तुझ्या भावाच्या अंगात तांबं साठलंय. डोळ्यात दिसतंय म्हणजे मेंदूत आहे, लिव्हरमध्ये तर आहेच."

त्यांनी त्याला त्या रात्रीपुरतं तिथंच ठेवून घेतलं. संध्याकाळी अप्पा आले तेव्हा बाईंनी सगळं पुन्हा समजावलं. तांबं प्रत्येकाच्या अंगात लागतंच, त्या म्हणाल्या. रक्त तयार व्हायला, नसांना, हाडांना, केसांच्या काळेपणाला. पण लागतं किती, तर अख्ख्या माणसात मिळून चिमूटभरही नाही. रोजच्या जेवणातनं ते येतंच. ज्वारीत आहे, डाळीत आहे, शेंगांत तर भरपूर. लिव्हर हवं तेवढं ठेवून घेतं आणि बाकीचं पित्तातनं बाहेर पाठवतं. "ह्याच्या लिव्हरला बाहेर पाठवता येत नाही. जन्मापासूनच. एकोणीस वर्षं थोडं थोडं साठत गेलं. पुण्याला न्या. मी चिठ्ठी देते. उशीर करू नका."

अप्पांना हे पटेना. व्हरांड्यातल्या बाकावर बसून ते पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले, "तांब्यानं रोग होतो म्हणं! माझी आज्जी जल्मभर तांब्यातलं पाणी पिली. मी पितो. हिची आई पिती. आमाला कुटं काय झालं?" मला वाटतं तो राग बाईंवरचा नव्हता. इतकी वर्षं आपल्या हातानं आपण पोराला काय पाजलं, ह्या भीतीचा होता.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला सांगोल्याकडचे एक म्हातारे बसले होते. त्यांना सगळे बिरूआबा म्हणत. बायकोच्या मोतीबिंदूसाठी आले होते. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "मालक, मदी बोलतो म्हून राग नगं. तुमी मेंढरं पाळली न्हाईत न्हवं?"

"न्हाय."

"मागल्या साली माजी अकरा मेंढरं ग्येली. शेजारच्या द्राक्षाच्या बागंत गवात माजलं हुतं. बागवाला म्हनला, चारा आबा, तेवडीच बाग साफ हुईल. बागंला मोरचूद मारल्यालं. म्हैना-दीड म्हैना चारलं म्या. मेंढरं अशी टुमटुमीत झाली, मी खुश! आन एक दिस येक मेंढरू खाली बसलं. डोळं पिवळं, मुतलं त्ये लाल, कोऱ्या च्यावानी. दोन दिसांत ग्येलं. त्याच्या मागनं दुसरं, तिसरं. जनावराच्या डाक्टरानं पोट फाडून दावलं मला. म्हनला, आबा, मोरचुदात तांबं असतंय, आन मेंढराला त्ये भाईर टाकता येत न्हाय. साठत ऱ्हातंय. वरनं कायबी दिसत न्हाय. आन भरलं की येकदम फुटतंय."

अप्पा त्यांच्याकडं वळले. मग म्हणाले, "सगळी जनावरं गेली?"

"त्येच तर सांगतुया. माजी शेरडं बी त्याच गवतात हुती. येकाच हातानं चारली म्या. शेरडांना कायबी झालं न्हाय." बिरूआबांनी काठी दोन्ही गुडघ्यांमधे धरली. "आन मालक, तांबं न्हाय मिळालं तरी बी भागत न्हाय. माज्या मेव्हन्याकडं कोकरं जन्मली ती मागल्या पायानं लुळी. उठाया बगायची आन पडायची. डाक्टर म्हनला, गाबन असताना आयांना तांबं कमी पडलं. आता बोला."

 एकच गवत आणि एकच हात, हे शब्द अप्पांच्या आत कुठंतरी जाऊन बसले असावेत. उठताना त्यांनी बिरूआबांना हात जोडले आणि मला म्हणाले, "चिठ्ठी कुटं ठेवलीस? उद्या निघायचं पुण्याला."

पुढं मी शाळेत विज्ञान शिकवलं. तांब्याचा धडा पाठ्यपुस्तकात तारा आणि भांड्यांपुरताच असायचा, पण मी मुलांना जास्तीचं सांगायचे. खेकड्याचं रक्त निळसर असतं, कारण आपल्या रक्तात लोखंड जे काम करतं ते त्याच्यात तांबं करतं. आणि जमिनीत तांबं फार कमी असलं तर गव्हाची ओंबी दिसायला उभी राहते पण आत दाणा भरत नाही. प्रत्येक जीवाला ते हवं असतं आणि प्रत्येकानं त्याचा बंदोबस्त आपापल्या परीनं केलेला असतो. मुलं विचारायची, बाई, हे कुठल्या पुस्तकात आहे? मी म्हणायचे, थोडं पुस्तकात आहे आणि थोडं दवाखान्याच्या व्हरांड्यात.

पुण्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, अण्णाला तपासलं आणि अप्पांना पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच. "तुमचं लग्न नात्यात झालंय का?"

"व्हय. बायको माझ्या सख्ख्या बहिणीची लेक." आमच्याकडं मामा-भाचीचं लग्न म्हणजे घरातली पोर घरात राहिली, असं समाधानाचं मानलं जायचं.

"मग ह्या मुलीचंही रक्त घेऊया," डॉक्टर माझ्याकडं बघत म्हणाले. त्यांनी अप्पांना समजावलं की हा दोष आई आणि बाप दोघांकडनं मिळाला तरच आजार होतो. एकाकडनं मिळाला तर माणूस ठणठणीत असतो, तुम्ही दोघं आहात तसा. हंड्याचं म्हणाल तर आता त्यातलं पाणी ह्याला देऊ नका, पण आजार हंड्यानं झालेला नाही. अप्पांनी तेवढं एक वाक्य त्यांच्याकडनं दोनदा वदवून घेतलं.

तीन दिवसांनी निकाल आला. अण्णाला होतंच. मलाही होतं.

मी दवाखान्याच्या जिन्यावर जाऊन बसले. माझे हात पुढं धरून पाहिले. ते दगडासारखे स्थिर होते. मला भूक लागत होती, पळता येत होतं, मी लंगडीत कुणाला हार जात नव्हते. डॉक्टर स्वतः जिन्यापर्यंत आले. पांढऱ्या मिशांचा, सावकाश बोलणारा माणूस. म्हणाले, "तू आजारी नाहीस. तुला आजारी पडू द्यायचं नाहीये, एवढंच. भावाला देणार तीच कॅप्सूल तुलाही. तांब्याला धरून ती लघवीतनं बाहेर काढते."

"किती दिवस?"

"दिवस नाहीत, बाळ. आयुष्यभर."

घरी आल्यावर अव्वाला पथ्य सांगितलं. शेंगा बंद, तीळ बंद, काजू-बदाम बंद, चॉकलेट बंद. कॅप्सूल रिकाम्या पोटी, जेवणाच्या तासभर आधी. अव्वा मुसळ हातात धरून उभी होती. "शेंगा न्हाय?" ती म्हणाली. "मग खायचं काय त्यांनी?" आणि मग एकदम उखळाच्या कडेवर बसून रडायला लागली. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात दोन स्वयंपाक सुरू झाले. कूट न घातलेली वांगी, कूट न घातलेली भेंडी. पडवीत चटणी कुटली जायची आणि आम्ही दोघं आत दह्याशी भाकरी खायचो. वास भिंतीतनं यायचाच. अण्णा नाक दाबून धरायचा आणि मला हसवायचा.

आणि इथं मला एक गोष्ट लिहायची आहे जी मी कित्येक वर्षं कुणाला सांगितली नाही. अण्णाची कॅप्सूल मी वेळेवर द्यायचे. घड्याळ लावून उठायचे, पाणी घेऊन त्याच्यापुढं उभी राहायचे, जिभेखाली लपवली नाही ना हे तोंड उघडायला लावून बघायचे. माझी मात्र मी घेत नव्हते. गिळल्याचं नाटक करायचे आणि ती कंपासपेटीत टाकायचे. मला काही होत नव्हतं. ती कॅप्सूल गिळली की मी आजारी ठरणार होते, असं मला वाटायचं. सोळाव्या वर्षी माणसाला मरणापेक्षा वेगळं ठरण्याची भीती जास्त असते.

पाच-सहा आठवड्यांत अण्णा सुधारण्याऐवजी बिघडला. आधी चालायचा, आता भिंत धरायला लागला. मग उठणं बंद झालं. बोलणं पूर्ण गेलं. घशातनं नुसता आवाज यायचा. पाणी पिताना ठसका लागायचा. सुरुवातीला त्रास वाढू शकतो असं डॉक्टर बोलले होते, पण बोललेलं ऐकणं वेगळं आणि रोज बघणं वेगळं. एका सकाळी मी कॅप्सूल घेऊन गेले तर अव्वानं माझ्या हातातनं बाटली हिसकावली आणि मोरीत उपडी केली. वरनं बादलीभर पाणी ओतलं.

"ईख देतीयास तू माझ्या लेकराला!" ती ओरडली. "पायावर चालत गेलता त्यो पुण्याला. चालत! आता बघ!"

"अव्वा, डॉक्टर म्हणाले होते..."

"डॉक्टर म्हणूदेत. त्याच्या पोटचं हाय काय हे?"

अप्पा दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग अव्वाकडं पाहिलं. त्या घरात आता कुणीतरी ठरवायचं होतं आणि दोघांनाही ते जमत नव्हतं. मी मोरीत वाकून बघितलं. एका कॅप्सूलची पांढरी टोपी जाळीला अडकून विरघळत होती. मला रडू आलं नाही. उलट अंगात एकदम काहीतरी ताठ झालं.

"दीड महिन्यानं चोवीस तासांची लघवी आणायला सांगितलीय," मी म्हणाले. "ती घेऊन मी पुण्याला जाते. डॉक्टरांना विचारते. त्यांनी थांबवा म्हटलं तर थांबवू."

"एकटी?" अप्पा म्हणाले.

"व्हय, एकटी. तुमी अण्णाजवळ थांबा. त्याला उचलायला अव्वाला एकटीला झेपत न्हाय."

दवाखान्यानं आधीच आम्हां दोघांना एकेक प्लॅस्टिकचा पांढरा कॅन दिला होता, आत धातूचा कण नको म्हणून खास धुतलेला. मी अण्णाच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "अण्णा, मला एक दिवस दे. सगळी लघवी ह्यात. एक थेंब बाहेर नको." त्याला बोलता येत नव्हतं, पण त्याचे डोळे सगळं समजत होते. त्यानं पापण्या मिटल्या आणि उघडल्या. लाज त्यालाही होती, मलाही. ते चोवीस तास आम्ही दोघांनी दात खाऊन काढले.

दुसऱ्या सकाळी अप्पांनी मला स्टेशनवर सोडलं. कॅन मी पिशवीत घालून मांडीवर घट्ट धरला होता. जेऊरला एक शेतकरी बाई चढली, डोक्यावर केळीचा घड. माझ्याशेजारी टेकली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "किती जपतीस गं त्येला. काय हाय, तूप?"

"न्हाय."

"मग त्याल?"

"लघवी हाय," मी म्हणाले. "माझ्या भावाची. तपासायला न्यायची हाय."

समोरचे दोघं उठून दुसरीकडं गेले. ती बाई मात्र हलली नाही. तिनं माझ्याकडं नीट बघितलं, घडातली दोन केळी मोडून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "खा. मी धरती." आणि खरंच, मी केळी खाईपर्यंत तिनं तो कॅन आपल्या मांडीवर धरला, तान्ह्या मुलाला धरावं तसा. तिचं नाव मी विचारलं नाही. आता ह्या वयात मला त्याची फार चुटपुट लागते.

डॉक्टर कॅन घेऊन स्वतः तपासणीच्या खोलीत गेले. दुपारनंतर त्यांनी मला बोलावलं आणि दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक पहिल्या खेपेचा, एक आजचा. आजचा आकडा कितीतरी मोठा होता.

"म्हणजे वाढलं?" मी विचारलं.

"बाहेर पडायचं वाढलं. हे सगळं तांबं महिन्याभरापूर्वी त्याच्या आत बसलेलं होतं. औषध काम करतंय, गंगा. आपण फार घाईनं केलं, ते चुकलं. साठलेलं एकदम सुटलं की रक्तातनं जाताना मेंदूला झोंबतं. आता डोस निम्म्याहून कमी करू आणि अगदी सावकाश वाढवू. पण थांबवायचं नाही."

"बरा होईल?"

त्यांनी खोटं सांगितलं नाही, म्हणून मी त्यांना अजून मानते. "पूर्ण होईल असं मी म्हणणार नाही. बराचसा होईल, वर्ष-दोन वर्षं लागतील. थांबवलं तर मात्र तो राहणार नाही." मग त्यांनी माझ्या पिशवीकडं बघितलं. "आणि तुझा कॅन?"

मी पिशवी जवळ ओढली.

"तुझीही लघवी आणायची होती ना?"

मी पिशवीतनं कंपासपेटी काढून टेबलावर उघडली. कॅप्सूल एकमेकींना चिकटल्या होत्या. ते रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "का?"

"मला काहीच होत न्हाय."

"त्यालाही अठरा वर्षं काहीच होत नव्हतं."

तेव्हा मला बिरूआबा आठवले. टुमटुमीत झालेली मेंढरं आणि खुश झालेला म्हातारा. वरनं कायबी दिसत न्हाय, ते म्हणाले होते. मी उठून बाहेर गेले, नळाखाली ओंजळ धरली आणि नव्या बाटलीतली पहिली कॅप्सूल गिळली. ती घशात क्षणभर अडकली. मी आणखी पाणी प्यायले आणि ती खाली गेली.

घरी आले तेव्हा अव्वा अण्णाचं तोंड पुसत होती. मी तिच्यासमोर बसले आणि दोन्ही कागद दाखवले. तिला आकडे वाचता येत नव्हते, पण लहान-मोठा कळत होता. मग कंपासपेटीची गोष्ट सांगितली. ती मारेल असं वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, "एक बी घेतली न्हाईस?"

"न्हाय. पण आता घेणार. रोज. तुझ्या डोळ्यांसमोर."

"आन तुला बी अण्णासारखं झालं तर? तुझं बी तोंड वाकडं झालं तर?"

"झालं तर होऊ दे. तरी मी थांबणार न्हाय, आन त्याची बी थांबवू देणार न्हाय. अव्वा, तू बाटली पुन्हा ओतलीस तर मी पुन्हा पुण्याला जाईन. कितीदा ओतशील?"

 बाहेर पडवीत शेजारणींनी कुटायला सुरुवात केली होती. मग अव्वानं हात पुढं केला, माझ्याकडनं अण्णाची कॅप्सूल घेतली, ती नखानं अलगद उघडली, चमचाभर कुस्करलेल्या केळ्यात मिसळली आणि त्याची मान आपल्या हातावर तोलून भरवायला लागली. "गिळ रं राजा," ती म्हणाली. "गंगी ऐकायची न्हाय." त्या दिवसापासून दोघांचं औषध अव्वाच्या हातात गेलं आणि तिनं एकही वेळ चुकवली नाही.

सुधारणा कधी झाली असं सांगता येत नाही. चार महिने काहीच दिसलं नाही. मग ठसका लागणं कमी झालं. मग एकदा त्यानं स्वतःहून कूस बदलली आणि अप्पा दुकानांच्या फेरीवरनं परत येईपर्यंत आम्ही त्यांना सांगायला दारात बसलो. वर्षाच्या आत तो भिंत धरून उभा राहिला. डाव्या हाताचं थरथरणं राहिलं ते राहिलंच, पावलंही कायमची थोडी फेंगडी पडायला लागली. अप्पा त्याला रोज संध्याकाळी काखेत धरून बोळाच्या टोकापर्यंत चालवायचे. त्या चालण्यात दोघं एकमेकांशी बोलत नसत, पण अप्पांचा हात त्याच्या पाठीवर असायचा तो मी बघायचे. अण्णाच्या डोळ्यांतली कडी फिकट होत गेली. बोलणं सगळ्यांत शेवटी आलं, आणि तेही घरच्यांपुरतं. परकं माणूस दिसलं की तो तोंड मिटून आत जायचा.

माझ्या औषधाचं सांगायचं तर आता मी जस्ताची गोळी घेते. ती तांब्याला आतड्यातच अडवते. चाळिशीच्या सुमाराला एकदा मला दम लागायला लागला, चेहरा पांढरा पडला. तपासलं तर अंगातलं तांबं फार खाली गेलं होतं आणि त्यामुळं रक्त नीट होत नव्हतं. डॉक्टरांनी डोस उतरवला. मला त्या आजारात मौज वाटली. इतकी वर्षं ज्याला हुसकावत होते त्याचीच आता वाट बघावी लागली. शत्रू म्हणून त्याच्याकडं मी तेव्हापासून बघत नाही. तुमचं शरीर न सांगता जे सांभाळतं, ते मला घड्याळ लावून सांभाळावं लागतं, इतकाच फरक.

मी बावीस वर्षांची झाले तेव्हा स्थळं यायला लागली. नात्यातलं नको, हे अप्पांनी स्वतः सगळ्यांना सांगून टाकलं होतं. त्यावरनं, मला सून करून घ्यायची आस असलेल्या धाकट्या आत्या वर्षभर बोलत नव्हत्या. मी माझी एकच अट घातली होती, की आधी आजार सांगायचा. अव्वा म्हणायची, लग्न झाल्यावर सांग की. मी म्हणायचे, न्हाय. तीन स्थळं चहा न घेता उठून गेली. चौथं सोलापूरजवळच्या कुंभारी गावचं होतं. मुलगा शाळेत शिक्षक, बरोबर त्याची आई. मी पोह्यांच्या बशा ठेवल्या आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं, की माझ्या अंगात तांबं साठतं, मी रोज औषध घेते आणि ते मरेपर्यंत घ्यावं लागणार आहे.

मुलानं हातात घेतलेली बशी खाली ठेवली नाही. त्याच्या आईनं मला वरनं खालपर्यंत बघितलं. "बघायला तर चांगली हायस की."

"औषध घेते म्हणून चांगली हाय."

"रोज घ्यावं लागतंय?"

"रोज."

"आन एखाद्या वर्सी कंटाळलीस, इसरलीस, तर? पोरंबाळं झाल्यावर आपल्याकडं कुटं ध्यान ऱ्हातंय बाईचं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतल्या खोलीचा पडदा हलला. अण्णा चौकट धरून उभा होता. सहा वर्षांत तो परक्या माणसांसमोर एकदाही आला नव्हता. त्याची मान थोडी हलत होती. त्यानं ओठ जुळवायला वेळ घेतला. पाहुणे थांबले, अप्पा थांबले, अव्वाचा हात पदरावर तसाच राहिला. मग तो एकेक शब्द बाहेर काढत बोलला.

"मला... हिनं जगवलंय. ही... इसरायची न्हाय."

कुंभारीच्या त्या बाईंनी त्याच्याकडं बघितलं. मग समोरची पोह्यांची बशी उचलली, पहिला घास घेतला आणि अव्वाला म्हणाल्या, "लेकाला बी बसवा की हितं, उभा किती ऱ्हाईल?"